पाच महिन्यांचं सामान, नऊ महिन्यांची खोली

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली, दीर-जावा आपापल्या ठिकाणी परतले, गणपतीच्या वर फळं टांगतात त्या माटोळीच्या सुतळ्या मात्र अजून छपराच्या पाइपला लटकताहेत. त्या सोडवायच्या आधी हे लिहून टाकते. घर दुरुस्तीला काढलं की सल्ले पुष्कळ मिळतात. सिमेंट कुठलं घ्यायचं, कौलं कुठून आणायची, कुठला गवंडी दारू पिऊन येतो, सगळं लोक आपणहून सांगतात. पण घर होईपर्यंत जिथे राहायचं तिथे काय न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, हे मला एकानेही सांगितलं नव्हतं.

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, साखळीपासून सात किलोमीटरवर. यजमानांच्या आजोबांनी बांधलेलं, मातीच्या भिंती आणि वर मंगळुरी कौलं. जुलै २०२३ च्या पावसात स्वयंपाकघराची मागची भिंत ओल धरून फुगली आणि एका रात्री तिचा मोठा लपका खाली आला. सकाळी बघते तर मिसळणाचा डबा मातीत बुडालेला आणि भगदाडातून शेजाऱ्यांची गाय आत डोकावतेय. इंजिनियरने येऊन वासे टोचून पाहिले. म्हणाला, छप्परही बदला, नाहीतर नवी भिंत बांधून उपयोग नाही. कंत्राटदार म्हणाला, "डिसेंबरात हात लावला तर एप्रिलअखेर कौलं चढतील. पाच महिने धरा." आम्ही पाच महिने धरले. पुढे जे काही चुकलं त्यातलं बरंचसं त्या एका वाक्यातून निघालं.

२५ ऑगस्टला पंचायतीत अर्ज दिला. सोबत एक-चौदाचा उतारा (महाराष्ट्रातल्या सातबारासारखा), चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, इंजिनियरचा नकाशा आणि अंदाजपत्रक. आतल्या भिंती जागच्या जागी ठेवून छप्पर, मागची भिंत आणि फरशी एवढंच काम होतं, म्हणून दुरुस्तीच्या परवान्यावर भागलं. घर पाडून नव्याने बांधायचं असतं तर नगर नियोजन आणि आरोग्य खात्याचे कागदही लागले असते. आमचं घोडं अडलं ते संमतीपत्रांवर. एक-चौदावर सासऱ्यांबरोबर त्यांच्या भावाचंही नाव आहे, त्यामुळे चुलत दिरांची सही हवी, आणि ते पुण्याला. त्यांचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र कुरियरने यायला सतरा दिवस लागले. आलं, तर त्यात सर्व्हे नंबरचा एक आकडा चुकलेला. चूक आमचीच, मजकूर मीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पुन्हा सगळं पहिल्यापासून. मधे चवथीला तेच दीर चांगले तीन दिवस आमच्या घरात बसून नेवऱ्या खाऊन गेले होते, पण तेव्हा कागद समोर ठेवायचं कोणालाच सुचलं नाही! गोव्यात भावंडं हमखास एका छपराखाली येतात ती चवथीलाच. सह्या घ्यायच्या असतील तर तेव्हाच घ्या.

परवाना १७ नोव्हेंबरला हातात आला. तोवर आम्ही साखळीत खोल्या बघत होतो. पाच बघितल्या. नदीजवळची एक दीड हजाराने स्वस्त होती, पण वाळवंटीचं पाणी बाजारात शिरल्याच्या आठवणी इथे प्रत्येकाकडे आहेत, त्यामुळे यजमान तिला तयार होईनात. मी म्हटलं, पावसाआधी तर आपण परत येणार. ते म्हणाले, "तरी." त्या 'तरी'साठी मी त्यांना पुढे जुलैमध्ये मनातल्या मनात हात जोडले.

शेवटी चढणीवरच्या एका सहा खोल्यांच्या चाळीत तळमजल्याची खोली घेतली. पुढे दहा बाय बारा, मागे आठ बाय सहाचं स्वयंपाकघर, संडास-न्हाणी आत. भाडं ६,५०० रुपये, अनामत दोन महिन्यांची, करार अकरा महिन्यांचा. खोली बघताना मी ओटा बघितला, खिडकी उघडून बघितली, नळ सोडून बघितला. संडास फक्त दारातून बघितला. तो भारतीय पद्धतीचा होता आणि सासूबाईंचे गुडघे गेली चार वर्षं वाकत नाहीत. हे माझ्या लक्षात आलं ते अनामत दिल्यावर. मग १,६०० रुपयांची कमोडची खुर्ची आणली. ती न्हाणीच्या दारातून आत जाईना, तेव्हा परत करून अरुंद आणली. घरात वयस्कर माणूस असेल तर खोली बघायला जाताना मापाची टेप न्या आणि सगळ्यात आधी संडासात शिरा.

भाडेकरू पडताळणीचा फॉर्म पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. फॉर्म घरमालकाचा, पण फोटो, आधारच्या प्रती आणि मूळ पत्ता आपला. काउंटरवरच्या पोलिसाने पत्ता वाचला आणि मान वर करून विचारलं, "सात किलोमीटरवरून भाड्याने?" घर मोडलंय म्हटल्यावर त्याने त्याच्या स्वतःच्या घराच्या वळचणीची हकिकत सांगितली, त्यात वीस मिनिटं गेली. शिक्का मारलेली प्रत मात्र मागून घ्या. ती आणि कराराची प्रत मी गॅसवाल्याला दाखवली. एजन्सी तीच असल्यामुळे त्याने फक्त सिलिंडर पोचवायचा पत्ता टिपून घेतला. आधार, रेशन, मतदारयादी यातलं काहीही बदललं नाही. सल्ले देणारे होते, पण काही महिन्यांच्या खोलीसाठी त्या रांगांत उभं राहण्यात मला अर्थ वाटला नाही.

आता सामान. सासूबाईंची अट होती की तुळशीचं लग्न घरातच लागणार. ते २४ नोव्हेंबरला. टेंपो ठरला रविवार, ३ डिसेंबरचा. म्हणजे मधे आठ दिवस, आणि त्यातही माझी शाळा चालूच. (मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. परीक्षेचे गठ्ठे आणि घराचे गठ्ठे एकाच टेबलावर होते.)

रिकामे खोके हवे असतील तर गोव्यात बारवाल्यासारखा दाता नाही. जाड पुठ्ठा, एकसारखं माप, आणि एकाच वेळी वीस-वीस मिळतात. मी अठरा आणले आणि उत्साहाने एकात देवाची उपकरणी भरायला घेतली. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. खोक्यावर बियरच्या बाटलीचं चित्र. "अगो, समई ह्या खोक्यात?" एवढंच म्हणाल्या. मी समई, ताम्हन, पळी, घंटा काढून तांब्याच्या घागरीत भरली आणि वर पंचा बांधला. आणि खरं सांगायचं तर ते खोक्यापेक्षा बरं झालं. घागर कशी तरी न्यायचीच होती, ती रिकामी कशाला न्या? त्यानंतर मी प्रत्येक पोकळ वस्तू भरली. कुकरमध्ये डाळी, टोपात वाट्या, बादलीत पायपुसणी, दप्तराच्या मागच्या कप्प्यात चाकू-सोलणं.

पहिले दोन दिवस मी खोलीवार सामान भरलं. आधी माजघर, मग स्वयंपाकघर. ते चुकलं, कारण तसं भरायला लागलं की सगळंच लागतं असं वाटतं. तिसऱ्या रात्री वैतागून वहीत एक दिवस लिहून काढला. पहाटे पाच: सासूबाईंचा चहा. टोप, गाळणं, चिमटा, दोन कप, साखरेचा डबा. साडेपाच: पाणी भरणं. बादल्या, कळशी, पाइपचा तुकडा. सहा: पूजा. साडेसहा: पोदेर. पावासाठी दाराला अडकवायची पिशवी. असं करत रात्री दहापर्यंत, गोळ्यांचा डबा आणि मच्छरदाणीच्या दोऱ्यांपर्यंत. वहीच्या त्या दोन पानांवर जे आलं तेच न्यायचं ठरवलं. चोवीस ताटांतली चार निघाली. दोन पाहुण्यांसाठी, दोन धुण्यात गेली तर, वगैरे करून आठ नेली. साड्या शाळेच्या पाच आणि एक लग्नकार्याची. मुलगा आठवीत, त्याने कॅरम न्यायचा हट्ट धरला आणि तो मी मोडला नाही. पुढे त्या कॅरमवर मी पोळ्याही लाटल्या.

जमलं नाही ते एका वस्तूबाबत. सासूबाईंची आदोळी. महाराष्ट्रात तिला विळी म्हणतील, पण आमची आदोळी म्हणजे पाट, पातं आणि टोकाला खोबरं खोवायचं दातेरी चाक. पाट फणसाचा, बसून बसून मधोमध खोलगट झालेला. पातं इतक्या वेळा धार लावलेलं की मूळच्या निम्मंच उरलंय. मी म्हटलं, मिक्सर आहे, खोवलेलं खोबरं बाजारात मिळतं, आदोळी वन्संकडे ठेवूया. सासूबाईंनी वाद घातला नाही. जुन्या नऊवारीच्या तुकड्यात आदोळी गुंडाळली आणि टेंपोवाल्याच्या शेजारी मांडीवर घेऊन बसल्या. खाली बसणं त्यांना जमत नाही, हे मी वर लिहिलंच आहे. त्या नऊ महिन्यांत रोज एक नारळ मीच खोवला, त्या खाटेवरून "बारीक, बारीक" म्हणत राहिल्या. सहा जून ते चवथ या काळात तीनदा वीज गेल्यावर मिक्सरचं काय झालं ते विचारू नका. आदोळीला वीज लागत नाही, हे त्यांनी मला एकदाही ऐकवलं नाही, तेवढा मोठेपणा त्यांच्याकडे आहे.

१ डिसेंबरच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून नायलॉनची दोरी, खिळे, दोन प्लॅस्टिकच्या क्रेट, एक लांब वायरचा बोर्ड आणि जाड प्लॅस्टिकच्या गोणी आणल्या. सगळे मिळून १,३४० रुपये. दोनशे लिटरचं निळं पिंप साखळीतच ९०० ला मिळालं. खोलीवर नळाला पाणी सकाळी दोन तास यायचं, त्यामुळे पिंपाशिवाय चाललंच नसतं. पिकपच्या तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येकी १,२०० रुपये. दोन खोलीवर आणि एक वन्संच्या घरी, कपाटं, पलंग, ट्रंका आणि उरलेले खोके घेऊन.

निघायच्या आदल्या दिवशी देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, देवाचा कौल घेतला. उजव्या बाजूच्या पाकळ्या पडल्या, म्हणजे होकार. सासूबाईंनी त्या पाकळ्या कागदात बांधून कमरेला खोचल्या आणि मग कुठे घराला कुलूप लागलं. देव शेवटच्या फेरीत, माझ्या मांडीवर.

संध्याकाळी सात वाजता खोलीत सामानाचा डोंगर, मुलगा भुकेला, आणि गॅसचा रेग्युलेटर नाही. सिलिंडर आहे, शेगडी आहे, लायटरही आहे. रेग्युलेटर जुन्या स्वयंपाकघरात खिडकीच्या फळीवर राहिला होता, कारण सकाळचा शेवटचा चहा करून तो मीच काढून 'हाताशी' ठेवला होता. पाव आणि पातळ भाजी आणून जेवलो. देवापुढे दिवा लावायला काडेपेटी शेजारच्या खोलीतून मागून आणली. तीही खोक्यात होती, पण कुठल्या खोक्यात ते कुणाला ठाऊक. माझ्या मते पहिल्या रात्रीची पिशवी वेगळी हवी आणि ती टेंपोत न टाकता खांद्याला हवी. काडेपेटी, रेग्युलेटर, गोळ्या, चार्जर, एक चादर, टॉवेल, साबण, झाडू. झाडू पिशवीत मावत नाही, तो हातात धरा. सगळ्यात आधी तोच लागतो.

डिसेंबर ते मार्च बरे गेले. मला वाटलं होतं दाटीवाटीचा त्रास होईल. तो झाला नाही. शिवणयंत्र नेलं म्हणून यजमान हसले होते, पण त्याच्या फळीवर मुलाचा अभ्यास झाला आणि खालच्या पायडलवर कांदे-बटाट्याची टोपली राहिली. कंटाळा आला तर सासूबाई रविवारी आमच्याबरोबर गावात येत, उघड्या छपराखाली न जाता अंगणात तुळशीजवळ खुर्ची टाकून बसत आणि गवंड्यांचे चिरे मोजत.

एप्रिलमध्ये पाइपचा सांगाडा चढला, पण रेती वेळेवर मिळेना. मग गवंडी. आमचे चौघेही बागलकोट भागातले. लोकसभेचं मतदान तिथेही ७ मे लाच होतं आणि गोव्यातही. ते चार तारखेला गेले. आम्ही सातला गावात जाऊन मतदान केलं, रिकाम्या घरात एक चक्कर मारली आणि आलो. ते परत आले २३ मे ला, कारण मतदानानंतर लग्नं होती. त्यांना काय बोलणार? आपणही चवथीला कुणाचं ऐकत नाही.

कंत्राटदार म्हणाला, "मृगाच्या आधी कौलं चढवतो." निम्मी चढली. उरलेल्या भागावर ४,८०० रुपयांची ताडपत्री, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस.

आणि त्या दिवशी मला कळलं की माझ्या वहीतला तो दिवस डिसेंबरातला होता. छत्र्या, रेनकोट, मुलाच्या पावसाळी चपला, गोधड्या, जाड पडदे, सगळं वन्संच्या घरी, ट्रंकेत, ट्रंक पलंगाखाली आणि पलंगावर आमचेच सहा खोके. घरी असते तर मे महिन्यात पुरुमेत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, झाला असता. सोलं, मिरच्या, सुकं गालमो (जवळा), फणसाचे पापड, उकड्या तांदळाचं पोतं. खोलीत पोतं ठेवणार कुठे? आठवड्याला पाच किलो तांदूळ आणत राहिले. हिशेब केला नाही, केला असता तर रडू आलं असतं. तेव्हा महिने मोजू नका, कंत्राटदार सांगेल तो आकडा पावसाळ्याला भिडतो का ते बघा, आणि भिडत नसला तरी एक पावसाळी पिशवी खोलीतच असू द्या.

नायलॉनच्या दोरीने जीव वाचवला. पुढच्या खोलीत तीन पदरी ताणली, आम्ही वाकून चालायचो. कपाटात साठचा बल्ब रात्रभर लावून ठेवायचा, ही युक्ती गोव्यातल्या प्रत्येक घरात आहे. पण आमच्याकडे कपाट नव्हतं, क्रेट होत्या. शाळेची साडी इस्त्री करूनच वाळवायची, असं दोन महिने चाललं.

१४ जुलैला मुलाच्या कुठल्याशा फॉर्मसाठी कागदपत्रांची लोखंडी पेटी उघडली. ती मी खाटेखाली, बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. किती सुरक्षित! झाकण उघडताच ओला वास आला. वरच्या फायलीवर करडी लव. खाली घराचा मूळ दस्तऐवज, आजोबांच्या काळातला, पोर्तुगीजमध्ये, जो आमच्यापैकी कुणालाही वाचता येत नाही पण ज्याच्यावर घर उभं आहे. त्याची पानं एकमेकांना चिकटली होती. मी घाईत ओढणार होते. यजमानांनी हात धरला. जमिनीवर पांढरं धोतर पसरलं, वर दस्तऐवज, पंखा एकवर. वर्तमानपत्रात ठेवायचा नाही, त्याची शाई उठते. दोन तासांनी एक कोपरा सुटला, मग पातळ स्टीलची पट्टी आत सरकवत एकेक पान. रात्री पावणेबारापर्यंत नऊ पानं सुटली. एका पानाची कड गेली. सासूबाई जाग्या होत्या. म्हणाल्या, "वाचता येत नाही तेच बरं. काय गेलं ते कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये गेले. लॉकर आमच्याकडे आधीपासून होता, त्यात माझ्या दोन पाटल्या होत्या आणि जागा भरपूर. हे डिसेंबरात करता आलं असतं. खोलीत फक्त प्रती हव्यात, त्याही घट्ट झाकणाच्या डब्यात, फळीवर, बाहेरच्या भिंतीपासून लांब.

वन्संकडच्या सामानाचंही थोडक्यात. कपाटं आम्ही चिऱ्यांवर उभी केली होती म्हणून वाचली. देवघराचा जुना पाट कुणीतरी जमिनीवर ठेवला होता, तो वाळवीने आतून पोखरला. उचलला तर हातात भुगा.

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तशी उरलेली कौलं चढली. गिलावा अर्धाच. पण अमावास्येआधी आणि चवथीच्या पुरेसं आधी घरात यायचं, यावर सासूबाई ठाम होत्या. रविवार, २५ ऑगस्ट. जाताना खोलीवर दोन फेऱ्या लागल्या होत्या, येताना खोलीवरून एकच पुरली, कारण खोके केव्हाच भिजून गेले होते आणि सगळं गोणीत आलं. रेग्युलेटर मी पर्समध्ये टाकला होता. ७ सप्टेंबरला उघड्या चिऱ्यांच्या भिंतीपुढे गणपती बसला आणि माटोळी नव्या पाइपला बांधली. वासा नसल्यामुळे सुतळी घसरत होती, दिरांनी मधे मधे चिंध्या गुंडाळल्या. या वेळी मी पुण्याच्या दिरांपुढे आरतीआधीच कागद ठेवला, पुढच्या पडवीसाठी.

अनामतीतले १३,००० पैकी ११,९०० परत मिळाले. दोरीसाठी ठोकलेल्या खिळ्यांच्या भोकांचे आणि रंगाचे १,१०० कापले. त्यातली चार भोकं आधीचीच होती, पण पहिल्या दिवशी भिंतींचे फोटो काढले नव्हते, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. पिंप घरमालकाला हवं होतं, मी दिलं नाही. ते आता नव्या वळचणीखाली आहे आणि परवाच्या एका सरीत काठोकाठ भरलं.